कोरड्या बोअरची उपकारस्तुती

आमच्या रिगवर एक पद्धत होती. भोक पाडून झालं, सगळे रॉड वर काढले, कंप्रेसर बंद केला, की मिस्त्री डोक्याचं फडकं सोडायचा, भोकाच्या कडेला उभा राहायचा आणि उपकारस्तुती करायचा. आम्हीही माना खाली घालून उभे. पाणी लागलेलं असो वा नसो. प्रार्थना तीच, शब्दही तेच.

“देवबापा, तू आम्हाला इथवर खाली जाऊ दिलंस. हातपाय शाबूत ठेवलेस. खाली जे आहे ते तुझं, जे नाही तेही तुझ्याच हातात. या वस्तीला विसरू नको. येशूच्या नावानं. आमेन.”

पाणी लागलेल्या बोअरवर हे ठीक होतं. बायका हंडे घेऊन पुढं सरकत असायच्या, पोरं चिखलात लोळत असायची, आमच्याकडं कुणाचं लक्षही नसायचं. कोरड्या बोअरवर मात्र सगळं गाव गप्प उभं राहून आमच्याकडं बघायचं. तेव्हा मी डोळे मिटायचो नाही. स्वतःच्या पायांकडं बघत राहायचो, कधी एकदा आमेन होतं म्हणून.

बहात्तर सालचा पाऊस झाला नाही, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. जालन्याच्या मिशननं बोअर पाडायचं यंत्र, म्हणजे ही रिग, आणलं होतं आणि ते ट्रकवर घेऊन आम्ही खेडोपाडी फिरत होतो. यंत्र चालवणारा मिस्त्री जालन्याचाच, मिशनच्या कंपाउंडात जन्मलेला. ट्रक चालवायचे ते जुन्या जालन्यातले एक मुसलमान गृहस्थ, त्यांना सगळे चाचा म्हणत. आणि रॉड जोडायला-काढायला मी.

मी मिरजेकडचा. सातवीतून शाळा सोडली, कारण वडील गेले आणि घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. एका वर्कशॉपात पाने-स्पॅनर ओळखायला शिकलो. पुढं लग्न झालं, मुलगी झाली. ती चालायला लागायच्या आधीच तापानं गेली. चर्चची मंडळी घरी आली, गाणी म्हटली, प्रार्थना केली. मीही त्यांच्यात उभा होतो. त्यानंतर प्रार्थनेला माझे ओठ तेवढे हलायचे. आत काही नसायचं. घरात रिकामा पाळणा होता आणि आई तो माळ्यावर टाकू देत नव्हती. मामानं जालन्याच्या यंत्राचं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं पगारासाठी गेला. त्या पाळण्यासमोर जेवायला बसणं मला जमत नव्हतं, एवढंच.

कंपाउंडात दोघा सड्या माणसांबरोबर मला खोली मिळाली. तिथली माणसं चांगली होती, हे आधी सांगितलं पाहिजे. कुणी न कुणी ताटात वाढायचं. माझं बोलणं ऐकून पोरं हसायची. मी “न्हाय ओ” म्हटलं की ती मागून “न्हाय ओ, न्हाय ओ” करत यायची. रविवारी चर्चमध्ये एक रिवाज होता. ज्या गावात रिग उभी असे त्या गावासाठी मंडळी प्रार्थना करायची. मग मिस्त्री बाकावरून उठून मागच्या आठवड्याचं सांगायचा, “लागलं” नाहीतर “कोरडं”. दोन्हीवर मंडळी एकच गीत म्हणायची. आधी मला वाटायचं, यांना दुसरं गीत येत नसेल.

एकदा ट्रकवर बसल्या-बसल्या मी मिस्त्रीला विचारलं, “कोरड्या बोअरवर उपकार कशाचे मानता?”

तो स्पॅनर पुसत होता. “पान्याचे मानले असते तर कोरड्यावर अडचन झाली असती,” तो म्हणाला. “मी पान्याचे मानतच न्हाई.”

“मग?”

“तो आपल्यासंगं खाली येतो, त्याचे. हा स्पॅनर जागेवर ठेव.”

विषय तिथंच संपला. मिस्त्री उपदेश करणारा माणूस नव्हता. त्याच्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही, पण ते डोक्यातून गेलंही नाही.

मार्च लागला आणि मामा निरोप घेऊन आला. बायकोनं विचारलं होतं, मी तिकडं यायचं का तुम्ही इकडं येता, काय ते एकदाचं ठरवा. मला ठरवता येईना. माझा स्वभावच तसा. कंदील पहिल्या काडीत पेटला तर दिवस बरा जाणार, बस सुटायच्या आत चहा संपला तर घरी सगळे खुशाल, असले हिशेब मी सारखे मनात मांडायचो. मिस्त्रीला कळलं असतं तर तो रागावला असता. मी मामाला म्हटलं, आठ-पंधरा दिवसांत कळवतो. आणि मनात म्हटलं, पुढच्या बोअरला पाणी लागलं तर तिला इथं आणायचं, कोरडं गेलं तर हे सगळं सोडून गावी जायचं. देवाशी मी त्या काळात दुसरं काही बोलतच नव्हतो, एवढं एक बोललो.

पुढचं बोअर हसनाबादच्या पलीकडं, एका गावाच्या बौद्ध वस्तीत होतं. वस्तीला विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर गावाचं भरून झालं की वस्तीतल्या बायकांनी लांब हंडे ठेवायचे आणि कुणीतरी वरून ओतायचं, हा वहिवाटीचा प्रकार. त्या उन्हाळ्यात विहिरीचाच तळ दिसत होता, आणि टँकर यायचा तो चावडीपुढं थांबायचा. शेवटी वस्तीतल्या पुरुषांनी नाल्याकाठच्या हिरव्या बाभळीपाशी स्वतः विहीर खांदायची ठरवली होती. दगडांचा गोल मांडूनही ठेवला होता. जागा दाखवायला आलेल्या आमच्या साहेबांना तीच जागा बरी वाटली. बोअरची खुंटी त्या गोलाच्या मधोमध ठोकली गेली.

खुंटीशेजारचं पहिलं घर एका मावशीचं. नवरा नव्हता, दोन्ही मुलं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. आमचा चहा आणि भाकरी तिच्याकडं. भाकरी रेशनवरच्या लाल मिलोची. ती थापताना तुटायची आणि गार झाली की चिवट व्हायची.

“अमेरिकेची ज्वारी हाय,” मावशी म्हणाली. “इंग्रजी येत असंल तरच घशाखाली उतरती. तू कुठला म्हने?”

“मिरजेकडचा.”

“लई लांबून आलास की रे भोकं पाडायला. तिकडं जिमीन न्हाई का?”

चाचा हसले. मीही हसलो. मग तिनं बायकोचं विचारलं.

“हाय की. गावाकडं हाय.”

“मंग आनत का न्हाईस?”

मला खोटं बोलायचा कंटाळा येतो, कारण नंतर ते लक्षात ठेवायची काळजी लागते. मी म्हटलं, “हितं पाणी लागलं तर आणीन म्हणतोय.”

तिनं हातातला गोळा परातीत ठेवला. “म्हंजे? आमच्या पान्यावर तुझी बायको टांगून ठिवली का?”

“तसं न्हाय ओ मावशी.”

“तसंच हाय. अन् न्हाई लागलं तर?”

“तर मीच जातो गावाकडं.”

“बराबर,” ती म्हणाली. “आमी तहानेलं ऱ्हायाचं अन् तू गाडीत बसायचं.”

त्या दिवसापासून वस्तीत सगळ्यांना माझी गोष्ट कळली. येता-जाता बायका विचारायच्या, “काय मिरजवाले, आमचं पानी कुठवर आलं? अन् तुमचं मानूस कुठवर?”

काम सुरू झालं त्या सकाळी गावातले एक जाणते शेतकरी येऊन बाभळीखाली उकिडवे बसले. त्यांना सगळे पाटील म्हणत. यंत्र सुरू व्हायच्या आधी त्यांनी मिस्त्रीला हाक मारली.

“काय हो मिशनवाले, पानी लागलं म्हंजे समद्या वस्तीला किरिस्ताव करून टाकता का काय?”

मिस्त्री काही बोलायच्या आत मावशी दारातून म्हणाली, “पाटील, आमी एकदा धरम बदलून मोकळे झालो. आता परत ती दगदग कोन करतंय? तुमी काळजी करू नका.”

पाटलांनाही हसू आलं. मिस्त्री म्हणाला, “पानी लागलं तर हंडे भरायचे. आमचं तेवढंच काम.” आणि त्यानं कंप्रेसर सुरू केला.

कंप्रेसर चालू झाला की माणसाचं बोलणं संपलं. आज माझा डावा कान जवळजवळ गेला आहे, तो त्याचाच प्रसाद. आम्ही तिघं खुणांनी बोलायचो. मूठ वळली म्हणजे रॉड जोड. दोन बोटं म्हणजे तेल बघ. तळवा वर केला म्हणजे थांब, घाई करू नको. भोकातून फुफाटा उसळायचा आणि त्याच्या रंगावरून खाली काय चाललंय ते कळायचं. मुरूम होता तोवर पिवळा, मग काळा पाषाण लागला तेव्हा राखेसारखा. तो सगळा दिवस राखेचाच गेला. मावशीचं घर, बाभळ, पाटलांची टोपी, सगळं एका रंगाचं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुफाटा एकाएकी थांबला. भोकातून ओला गारा बाहेर पडू लागला. मिस्त्रीनं तो बोटांत घेऊन चोळला, नाकाशी नेला आणि तळवा वर केला. वस्तीनं तो वर गेलेला हात पाहिला आणि एकच कल्ला झाला. कंप्रेसरच्या आवाजात तो ऐकू आला नाही, नुसती तोंडं उघडलेली दिसली. कुणी धावत गावात गेलं. पाटलांच्या घरच्या बायका नारळ आणि कुंकू घेऊन आल्या. वस्तीत त्या पहिल्यांदाच येत होत्या असं नंतर मावशीनं सांगितलं. वस्तीतल्या एकीनं परातीत गूळ फोडून आणला. पोरांनी गारा अंगाला फासला. मिस्त्री तळवा वर धरूनच उभा होता आणि लोक त्याला हात हलवून उत्तर देत होते.

ती खूण मला कळत होती. पण मीही गूळ तोंडात टाकला, आणि मनात बायको जालन्याच्या फलाटावर उतरून मोकळी झाली.

तो झिरा होता. खडकात कुठं चिमूटभर ओल अडकलेली असते, ती तेवढी निघून जाते. आम्ही रॉड जोडत गेलो आणि ऊन डोक्यावर यायच्या सुमाराला भोकातून पुन्हा राख उसळली. परातीतल्या गुळावर, नारळावर, कुंकवावर बसली. पाटलांच्या घरच्या बायका पदर झटकत निघून गेल्या. बाकीचे बसून राहिले. कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळपर्यंत आमच्याकडचा शेवटचा रॉडही खाली गेला. राखच. त्यापुढं जायला यंत्राला ताकद नव्हती आणि पुढची गावं वाट बघत होती. आम्ही रॉड काढले. चाचांनी कंप्रेसर बंद केला. एवढ्या आवाजानंतर ती शांतता अंगावर आल्यासारखी वाटली.

मिस्त्रीनं डोक्याचं फडकं सोडलं. तोंड उघडलं तर नुसती हवा आली. दोन दिवस धूळ खाऊन त्याचा आवाज पुरता बसला होता. त्यानं माझ्याकडं बोट केलं, मग फडक्याला हात लावला. मी मानेनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा तेच केलं.

मी कडेला जाऊन उभा राहिलो. वस्तीतला एक तरुण म्हणाला, “आभार कशाचे मानता हो? भोकाचे?” दोघं-तिघं हसले. हसू नये असं काही त्यात नव्हतं.

मी सुरू केलं. “देवबापा, तू आम्हाला इथवर खाली जाऊ दिलंस. हातपाय शाबूत ठेवलेस. खाली जे आहे ते तुझं…”

पुढचे शब्द मला पाठ होते. कितीदा ऐकलेले. पण ते तोंडातून निघेनात. ते म्हटले की या भोकाबरोबर घरच्या पाळण्याबद्दलही म्हटल्यासारखं होणार होतं. मी थांबलो. चाचा खाकरले. माणसं वाट बघत राहिली.

“इसरला का रे?” मावशी म्हणाली. मग मी विसरलोच आहे असं धरून तिनं मला आठवण करून द्यायला घेतली. “न्हाई म्हून म्हन की. खाली पानी न्हाई, ते तर कळालं ना? आमची मानसं हितंच इहीर खांदनार व्हती. उनाळाभर घमेली उचलली असती अन् मंग कळालं असतं. तेवढं तर वाचलं. म्हन जल्दी, टँकरची येळ झाली.”

“जे नाही तेही तुझ्याच हातात,” मी म्हटलं.

वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की त्या हातात माझी मुलगीही आहे. तोवर ती नाही, एवढंच होतं. नसण्यालाही कुठं जागा असते, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मंडळींनी सांगितलं होतंच, पटलं नव्हतं. मी रडलो वगैरे नाही. “या वस्तीला विसरू नको,” एवढं बाकीचं म्हणून टाकलं. आमेन मिस्त्रीच्या ओठांवर दिसलं, आणि चाचांनी खणखणीत “आमीन” म्हटलं.

सामान चढवताना मावशी रिकामा हंडा काखेत घेऊन आली. टँकरकडं निघाली होती.

“मंग? बसला का गाडीत?”

“कोरडं गेलं, मावशी.”

“कोरडी आमची जागा निघाली. त्यात तुझ्या बायकोचा काय संबंध? तिला तरी इचारलं का, तिच्या मनात काय हाय?”

“तिनंच विचारलंय.”

“मंग तिला जबाब दे. भोकाला काय इचारत बसला?” आणि ती गेली.

रविवारी मिस्त्रीचा आवाज अजून आला नव्हता. पाळकांनी रिगचं विचारलं तेव्हा त्यानं मला कोपरानं ढोसलं. मी उठलो. एवढ्या माणसांपुढं उभं राहायची मला भीती वाटते, तेव्हाही वाटली. “हसनाबादकडची वस्ती,” मी म्हटलं, “कोरडं.” मंडळींनी गीत म्हटलं. तेच. मी खाली बसायचं विसरलो होतो. गीत संपल्यावरही उभाच आहे म्हटल्यावर सगळे वळून बघायला लागले. तेव्हा मी म्हणालो, “आणि कंपाउंडात एखादी खोली मोकळी असली तर बघा. बायकोला आणायचीय.”

पुढच्या बाकावर बसणाऱ्या एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्या मागं न बघताच म्हणाल्या, “ही बातमी आधी सांगायची असते.”

खोली मिळाली. दवाखान्याच्या धोबीखान्यामागची, पत्र्याची, दुपारी तव्यासारखी तापणारी. नर्सबाईंनी स्टोव्ह दिला, कुणी दोन पातेली दिली, मिस्त्रीच्या घरून बाज आली. ज्यांनी दिलं त्यांच्यातलं आज कुणी उरलेलं नाही. मी मात्र इथंच राहिलो. मिरज आता सणासुदीला आठवते.

बायको आली ती मीटरगेजच्या छोट्या गाडीनं, रात्रभर बसून, डोळे लाल झालेले. सामानात मी पाळणा शोधत होतो हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, “आत्याबाईंनी ठेवून घेतलाय. म्हणाल्या, लागेल तेव्हा येऊन न्या.” आईला ती आत्याबाई म्हणायची. मी बरं म्हटलं. ट्रंक उचलली.

उन्हाळा सरत आला तेव्हा त्या वस्तीची पाळी पुन्हा आली. या वेळी साहेबांनी मावशीच्या घराच्या वरच्या अंगाला, बाभळीपासून चांगलं लांब, जागा दाखवली. काळ्या पाषाणाखाली लाल गेरूचा थर लागला आणि त्यात पाणी. फार नव्हतं. कारंजं वगैरे उडालं नाही. हातपंपाला पुरेल एवढं होतं. या खेपेला मिस्त्रीनं तळवा वर केला तेव्हा कुणी हललं नाही. त्यानं हात खाली घेईपर्यंत सगळी वस्ती श्वास धरून बसली होती.

पंप बसवायच्या दिवशी मी बायकोलाही नेलं. चाचांनी तिला पुढं बसवलं आणि मला मागं पाइपांवर. ती उतरली तशी मावशी हात पुसत पुढं आली, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, “हीच का, आमच्या पान्यावर टांगलेली?”

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पंपाचे नट आवळायला लागलो.

मिस्त्रीनं फडकं सोडलं. आवाज परत आला होता. शब्द तेच, “जे नाही तेही” धरून. यावेळी मी डोळे मिटले होते. आमेन व्हायच्या आधीच मावशीनं हंडा नळाखाली सरकवल्याचं मला आवाजावरून कळलं. गावातल्याही काही बायका हंडे घेऊन आल्या होत्या आणि जरा लांब, संकोचून उभ्या होत्या. मावशी त्यांना म्हणाली, “या की. पर पाळीनं. हितं वरून कोनी ओतत न्हाई.”

पहिला हंडा माझ्या बायकोनं दांडा मारून भरला, कारण मावशीनं तिच्या हातात दांडाच दिला.

परत येताना ती मागं माझ्याशेजारी येऊन बसली. ट्रक रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, “टांगलेली म्हणजे काय ओ?”

मला सगळं सांगावं लागलं. हसनाबाद मागं पडलं तरी माझं सांगणं चाललेलंच होतं. पैजेचं सांगितलं, झिऱ्याचं सांगितलं, कुठल्या शब्दावर अडकलो तेही सांगितलं. ती ऐकत होती.

“म्हणजे कोरडं गेलं, तरी बोलावलं,” ती म्हणाली.

“व्हय.”

“मग झालं,” ती म्हणाली, आणि वाऱ्यानं उडणारा पदर डोक्यावरून ओढून घेतला.